गटनिहाय वैद्यकीय चाचण्या आणि संमतीचा प्रश्न

सुरतच्या भेस्तानसारख्या कामगारवस्तीत विषमज्वराच्या लसीची चाचणी घ्यायची आहे, असे समजू. एकाच गल्लीतील निम्म्या मुलांना लस दिली, तर रोगाचा फैलाव कमी होऊन उरलेल्यांचाही बचाव होतो; मग तुलना कोणाशी करायची? अशा वेळी व्यक्तीऐवजी संपूर्ण गल्ली, गाव किंवा शाळा हा एक घटक धरून चिठ्ठ्या टाकल्या जातात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मात्र चिठ्ठी निघते ती गावाच्या नावाची, आणि परिणाम भोगते ती त्या गावातील प्रत्येक व्यक्ती.

महाराष्ट्रातील उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, हे ठरविण्यासाठी तेथे 1999 पासून टाटा मेमोरियल व बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाच्या सहभागाने मोठी चाचणी झाली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 गट. तीन विभागांत तीन निरनिराळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या विभागात नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे व्यवहारात तपासणी नाहीच. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या विभागात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर विनातपासणी विभागात 64.

टीकाकारांचा आक्षेप असा की, पॅप तपासणीचा उपयोग जगाला अनेक दशके ठाऊक होता. मग हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून काय सिद्ध करायचे होते? जिल्ह्यात तपासणीचा कार्यक्रमच अस्तित्वात नव्हता, त्यामुळे कोणाचेही काही हिरावले गेले नाही, असे समर्थन केले जाते. हा युक्तिवाद सहज फेटाळता येत नाही. पण तो पुरेसाही नाही. सोय नसणे ही त्या स्त्रियांची निवड नव्हती, आणि तीच सोय पुरविण्याची साधने संशोधकांच्या हाती होती.

दुसरा प्रश्न संमतीचा. सरपंच, नगरसेवक किंवा जमातीचे सदर हे वस्तीत प्रवेशाची परवानगी देऊ शकतात. दुसऱ्याच्या शरीरावरील प्रयोगाला संमती देण्याचा अधिकार त्यांना नाही. 2012 च्या ओटावा निवेदनानेही हा भेद स्पष्ट केला आहे. आपल्याकडे 'सदरसाहेबांनी होकार दिला' एवढ्यावर पुष्कळ कामे उरकली जातात, म्हणून शिक्षकांनी तो वर्गात आवर्जून समजावून द्यावा.

कोलकात्यात 2004 मध्ये विषमज्वराच्या लसीची चाचणी झाली, तेव्हा वस्तीचे 80 गट केले होते. तुलनेच्या गटांतील लोकांना रिकाम्या हाताने न पाठवता कावीळ-अ ची लस देण्यात आली. विषमज्वराची लस घेणाऱ्यांना 61 टक्के संरक्षण मिळाले. त्याच गटांतील, लस न घेतलेल्या शेजाऱ्यांनाही 44 टक्के मिळाले. त्या शेजाऱ्यांनी तर लसच घेतली नव्हती; तरीही आकडेवारीत त्यांची गणना झाली. त्यांना चाचणीतील सहभागी मानायचे की नाही, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.