खपली, मलम आणि मिक्वेचं पाणी
परंपरा पाळणाऱ्या ज्यू कुटुंबांत पाळी थांबल्यावर सात स्वच्छ दिवस मोजून विवाहित स्त्री मिक्वेत, म्हणजे पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी साठवलेल्या कुंडात, सर्वांग बुडेल अशी बुडी मारते. अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीही येता कामा नये, ही या बुडीची अट. मध्ये येणाऱ्या वस्तूला हिब्रूत ‘हत्सित्सा’ म्हणतात. म्हणून आधी बराच वेळ न्हाणं, केस विंचरणं, नखं कापणं, दागिने उतरवणं चालतं. ज्या स्त्रीला इसब, सोरायसिस किंवा हट्टी कोंडा आहे, तिला ही तयारी जाचक होऊ शकते: दिसला पापुद्रा की ओढ, खपली खरवड, मलम आधीच बंद कर. हा जाच धर्मशास्त्राने लावलेला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ दोन प्रश्न विचारतो: अंगाचा किती भाग झाकला आहे, आणि त्या व्यक्तीला ते खटकतं का? बहुतेक अंग झाकलेलं असेल आणि ते खटकतही असेल, तरच तोराच्या, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या, नियमाने बुडी बाद ठरते. पुढे रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, नियम कडक केला आणि दोहोंपैकी एकच गोष्ट असली तरी तो अडथळा मानला. पण थोडासा भाग आणि त्याची पर्वा नाही, एवढ्याने बुडी बिघडत नाही. तालमूदचा पाया असलेल्या मिश्नाच्या ‘मिक्वाओत’ प्रकरणात तर जखमेवरची खपली आणि जखमेबाहेर पसरून वाळलेला थर यांत फरक केला आहे: पहिली अडथळा नाही, दुसरा आहे. म्हणजे जे शरीराचाच भाग होऊन बसलं आहे ते शास्त्र शरीरातच धरतं. यावर आक्षेप येतो तो सोळाव्या शतकातल्या क्राकोच्या मोझेस इसेर्लेस यांच्या आधाराने. अडथळा न ठरणारी वस्तूही आधी काढून टाकावी, असा त्यांचा दंडक आहे. आक्षेप वजनदार आहे, पण हा दंडक सावधगिरीचा आहे. त्याच्यासाठी अंगाला इजा करून घ्यायची नसते. वाळलेला थर कोमट पाण्यात भिजवून मऊ करणं हाच जुना मार्ग आहे. शिवाय खरवडल्याने उद्देशच फसतो. सोरायसिसमध्ये त्वचेला इजा झाली की त्याच जागी नवे चट्टे उठू शकतात. वैद्यकात याला कोबनरची प्रतिक्रिया म्हणतात. इसब खाजवलं की त्वचेचं संरक्षक आवरण फाटतं आणि जंतूंना वाट मिळते. या महिन्यात ओरबाडलेली खपली पुढच्या बुडीला दुप्पट होऊन समोर येते.

मलमाचा प्रश्न त्यामानाने सोपा. त्वचेत पूर्ण मुरलेलं औषध थर म्हणून उरत नाही. झिंकच्या लेपासारखं पांढरं, जाड काही असेल तर ते तेलाने सैल करून पुसावं आणि बुडीनंतर पुन्हा लावावं. उपचार कित्येक दिवस थांबवण्याचं कारण नाही. टाके, चिकटपट्टी, बरा न होणारा चट्टा अशा बाबतींत जाणकारांना विचारावं. लाजेपोटी अनेकजणी रब्बींकडे जात नाहीत, हे खरं आहे. म्हणूनच जेरुसलेमच्या निश्मत संस्थेने या विषयात स्त्रियांनाच तयार केलं आणि 1999 पासून या जाणकार स्त्रिया इतर स्त्रियांचे प्रश्न ऐकत आहेत. जखम लाल, गरम झाली असेल किंवा पू येत असेल, तर मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. बुडी पुढच्या रात्रीवर टाकता येते.