पान मेपलचे, फळ वेगळेच

झाड ओळखायचे म्हटले की आपली नजर आधी पानाकडे जाते. युरोपातल्या एका रानझाडाच्या बाबतीत मात्र पान फसवते. त्याचे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हीही त्याला मेपलच समजलो होतो.

इंग्रजीत या झाडाला 'वाइल्ड सर्व्हिस ट्री' म्हणतात. शास्त्रीय नाव 'सॉर्बस टॉर्मिनालिस'. यातल्या 'सर्व्हिस'चा सेवेशी काही संबंध नाही. 'सॉर्बस' या लॅटिन शब्दाचेच ते बदललेले रूप आहे. 'टॉर्मिनालिस' म्हणजे पोटाच्या मुरड्यावरचे. पूर्वी लोक पोटदुखीवर ही फळे देत, म्हणून हे नाव पडले. झाड गुलाबाच्या कुळातले, म्हणजे सफरचंद आणि नासपतीचे नातलग. इंग्लंडपासून तुर्कस्तान आणि इराणपर्यंत ते आढळते. आफ्रिकेच्या उत्तर टोकालाही आहे.

मग ओळखायचे कसे? आधी पाने फांदीवर कशी लागली आहेत ते पाहावे. मेपलची पाने समोरासमोर जोडीने येतात, याची एकाआड एक. मेपलला पंखांचे बी येते. याला मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे झुपके आणि नंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची तपकिरी फळे येतात. फळांवर फिकट ठिपके असतात. हिवाळ्यात पाने झडली तरी वाटाण्यासारखे गोल, हिरवे, चकचकीत कळे दिसतात.

झाडावरून तोडलेले फळ लगेच तोंडात टाकले तर तोंड आवळून येते. ते मऊ आणि गडद होईपर्यंत थांबावे लागते. आपण आंब्याची अढी घालतो, तसाच हा प्रकार. इंग्लंडच्या आग्नेय भागात लोक फळांचे झुपके काठीभोवती दोरीने बांधून टांगून ठेवत आणि मऊ होईल तसतशी फळे तोडून खात. अशा मुरलेल्या फळाची चव पुष्कळांना खजुरासारखी लागते.

इंग्लंडमध्ये या झाडाचे बी क्वचितच रुजते. मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवरच ते बहुधा वाढते, त्यामुळे दूरवर पसरत नाही. म्हणूनच ते दिसले की हे रान फार जुने असावे असे जाणकार मानतात. असे रान एकदा साफ झाले की नवी रोपे लावूनही ते झाड आपण होऊन तिथे परतेल याची खात्री नसते. जर्मनीने 2011 साली याला 'वर्षाचा वृक्ष' म्हणून निवडले. त्याचे लाकूडही मौल्यवान असते.

परदेशी राहणाऱ्या आपल्या वाचकांना एक सांगणे. मुलांना रानात न्याल तेव्हा पान, फांदी, फूल आणि फळ, चारही पाहायला शिकवा. एकाच खुणेवर विसंबून कोणतेही रानफळ तोंडात टाकू देऊ नका. शंका असेल तर फळ झाडावरच राहू द्यावे. पाखरे ते खातील.