झटके म्हणजे बाधा नव्हे

एचआयव्ही असलेल्या माणसाचे डोके सतत दुखू लागले, एक हात लुळा पडला, झटके आले, की पाड्यावर भगताला बोलावतात. भगतावर माझा राग नाही, पण वेळ जातो. मी आधी सीडी-४ चा कागद मागतो. आकडा १०० च्या खाली असेल तर मेंदूतील टॉक्सोप्लाझ्माची शंका घ्यावीच लागते. रक्ताची आयजीजी तपासणी जुना संसर्गही दाखवते, आणि तो धडधाकट माणसांतही सापडतो. सीटी स्कॅनमध्ये कडीसारख्या गाठी दिसतात; क्षयाच्या गाठीही तशाच. म्हणून डॉक्टर औषध सुरू करून पाहतात. बहुतेकांना दोन आठवड्यांत उतार पडतो, तोच निदानाचा आधार. नाही पडला तर क्षय किंवा मेंदूतील कर्करोग शोधावा लागतो. तेव्हा चार दिवसांत बरे वाटले म्हणून रुग्णाला घरी आणू नका. दुसरा स्कॅन होऊ द्या.