अल्टरनेटिव्ह रॉक संगीतातील गायिका : स्वर, आशय आणि स्वीकार

प्रस्तावना :

रॉक हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा एक प्रमुख प्रवाह होय. इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार व ड्रम यांवर उभा असलेला हा प्रकार दीर्घकाळ पुरुषप्रधान राहिला. त्यात स्त्री श्रोता म्हणून वा गीताचा विषय म्हणून अधिक, तर निर्माती म्हणून कमी दिसत असे. १९८० च्या दशकात व्यावसायिक रॉकच्या चाकोरीबाहेर, लहान ध्वनिमुद्रण कंपन्या आणि महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे यांच्या आधारे जो प्रवाह वाढला, त्यास 'अल्टरनेटिव्ह रॉक' असे संबोधले जाते. या प्रवाहाने अनेक गायिकांना हक्काचे स्थान दिले, त्यांना जगभर चाहते मिळाले. मात्र हे स्थान कायम टिकले असे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१) अल्टरनेटिव्ह रॉकमधील गायिकांची पूर्वपरंपरा समजून घेणे.
२) निवडक गायिकांची स्वर व आशयविषयक वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
३) त्यांच्या स्वीकारातील अडसरांचा शोध घेणे.

पूर्वपरंपरा :

या परंपरेचा आरंभ पॅटी स्मिथ यांच्यापासून मानणे उचित ठरते. न्यूयॉर्कमधील या कवयित्रीचा 'हॉर्सेस' हा पहिला गीतसंग्रह १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवितेचे पठण आणि रॉकचा ठेका यांचा मेळ तिने घातला. गोड गळा ही गायिकेची पहिली अट नाही, हे त्यातून सिद्ध झाले. लंडनमध्ये १९७६ साली सूक्सी सू हिने 'सूक्सी अँड द बॅन्शीज' हा समूह उभा केला. पुढे सप्टेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या नियतकालिकाने अल्टरनेटिव्ह गीतांची 'मॉडर्न रॉक ट्रॅक्स' ही स्वतंत्र क्रमवारी सुरू केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात याच समूहाचे 'पीक-अ-बू' हे गीत अग्रस्थानी होते. अर्थात या प्रवाहाची अधिकृत मोजदाद स्त्रीस्वरापासूनच सुरू झाली.

प्रमुख गायिका व त्यांची वैशिष्ट्ये :

आयर्लंडच्या शिनेड ओ'कॉनर हिने कंपनीला अपेक्षित असलेले 'स्त्रीसुलभ' रूप नाकारून मुंडण केले. १९९१ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत अल्टरनेटिव्ह संगीताचा विभाग प्रथमच समाविष्ट झाला आणि तो पुरस्कार तिलाच जाहीर झाला. परंतु संगीताच्या बाजारीकरणाच्या निषेधार्थ तिने तो नाकारला. कुजबुजीपासून आक्रोशापर्यंत एकाच गीतात जाणारा आवाज हे तिचे बलस्थान होते. २०२३ मध्ये तिचे निधन झाले.

त्याच देशातील लिमरिक परगण्याच्या डोलोरेस ओ'रिअर्डन हिने 'द क्रॅनबेरीज' या समूहातून वेगळी वाट चोखाळली. तिने आपले आयरिश उच्चार लपविले नाहीत. छातीतून निघालेला स्वर एकाएकी तुटून वरच्या पट्टीत जावा, ही तिच्या गायनाची खूण होय. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथे आयरिश रिपब्लिकन आर्मीने घडविलेल्या बॉम्बस्फोटात दोन मुले दगावली. या घटनेवर तिने 'झॉम्बी' हे गीत रचले (१९९४). राजकीय हिंसेविरुद्धचा शोक व संताप एका तरुण स्त्रीच्या आवाजात व्यक्त झाल्याने ते अनेक देशांतील श्रोत्यांना भिडले. २०१८ मध्ये तिचा अकाली मृत्यू झाला.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील पी. जे. हार्वे हिच्या 'रिड ऑफ मी' (१९९३) मध्ये अतिमंद व अतितीव्र ध्वनींचा विरोध मुद्दाम राखलेला आढळतो. २००१ व २०११ अशा दोन वेळा मर्क्युरी पुरस्कार मिळविणारी ती पहिली कलावंत ठरली. दुसऱ्या वेळचा संग्रह युद्ध आणि राष्ट्र या विषयांवरील होता. याउलट कॅनडाच्या अलॅनिस मॉरिसेट हिने 'जॅगेड लिटल पिल' (१९९५) मधून वैयक्तिक राग, उपरोध व आत्मपरीक्षण निःसंकोचपणे मांडले. या संग्रहास १९९६ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट गीतसंग्रहाचा ग्रॅमी मिळाला, त्या वेळी ती अवघी २१ वर्षांची होती.

अमेरिकेतील ऑलिम्पिया येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'बिकिनी किल' या समूहाची गायिका कॅथलीन हॅना हिचे कार्य केवळ गायनापुरते मर्यादित नव्हते. कार्यक्रमात पुरुषांच्या धक्काबुक्कीमुळे मुली मागे ढकलल्या जात. हॅना त्यांना मंचाजवळ पुढे बोलावून घेई. गाणे कोणी गावे याबरोबरच ते कोणी निर्धास्तपणे ऐकावे, हाही प्रश्न यातून पुढे आला.

स्वीकारातील अडसर :

एवढे यश मिळूनही सलग दोन गायिकांची गीते प्रसारित करू नयेत, असा संकेत अनेक रेडिओ केंद्रे पाळत. कार्यक्रमांचे आयोजकही एकाच मंचावर दोन गायिका ठेवण्यास कचरत. त्यास उत्तर म्हणून कॅनडाच्या सारा मॅक्लॉक्लन हिने १९९७ मध्ये 'लिलिथ फेअर' हा स्त्री-कलावंतांचा फिरता महोत्सव सुरू केला. त्यास मिळालेल्या भरघोस प्रतिसादाने हा समज निराधार ठरला.

तरीही रेडिओचे धोरण बदलले नाही. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एका कंपनीने किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरील देशव्यापी मर्यादा उठविली व मालकी मोजक्या हाती एकवटली. तरुण पुरुष श्रोता गृहीत धरून गीते निवडली जाऊ लागली. परिणामी १९९६ मध्ये ट्रेसी बोनहॅम हिचे 'मदर मदर' हे गीत अग्रस्थानी पोहोचल्यानंतर, त्या क्रमवारीत एकल गायिकेला पुन्हा अग्रस्थान मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. ते न्यूझीलंडच्या लॉर्ड हिने 'रॉयल्स' द्वारे मिळविले. या १७ वर्षांत स्त्रीस्वर असलेले समूह अधूनमधून पुढे आले. तथापि 'इव्हनेसन्स' या समूहाच्या 'ब्रिंग मी टू लाइफ' (२००३) मध्ये एमी ली हिच्या जोडीला पुरुष आवाज घालावा, असा कंपनीचा आग्रह होता. ग्रॅमीच्या अल्टरनेटिव्ह विभागातही ओ'कॉनरनंतर एकल गायिकेला पुरस्कार मिळाला तो थेट २०१५ मध्ये, सेंट व्हिन्सेंट हिला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अल्टरनेटिव्ह रॉकमधील गायिकांची लोकप्रियता केवळ मधुर स्वरावर आधारलेली नाही. तुटणारा, किंचाळणारा, स्वतःच्या बोलीत उमटणारा आवाजही कलात्मक असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. तसेच युद्ध, हिंसा आणि स्त्रीचा राग हे विषय त्यांनी प्रतिष्ठित केले. रेडिओवरील त्यांची दीर्घ अनुपस्थिती श्रोत्यांच्या नापसंतीतून आली, असे मानण्यास लिलिथ फेअरचा अनुभव आधार देत नाही. ती प्रामुख्याने निवड करणाऱ्यांच्या गृहीतकांतून आली. श्रोत्यांची आवड अभ्यासताना त्यांना काय ऐकू दिले गेले, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.