हाडांच्या पोकळीतला रेडॉन

2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावसकरांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. त्या दिवसांत ‘जमिनीतून किरणोत्सर्ग तर येत नाही ना?’ असेही मला विचारले गेले. उत्तर शोधताना मी रेडॉनपाशी पोचलो.

रेडॉन हा युरेनियमच्या वंशातला, रंग-वास नसलेला वायू. खडकातून झिरपतो, बंद खोलीत साठतो आणि 3.8 दिवसांत निम्मा होतो. त्याची कन्या-मूलद्रव्ये फुप्फुसाला इजा करतात, हे खाणकामगारांच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. परंतु 1990 मध्ये ब्रिस्टलचे डेनिस हेनशॉ आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निराळाच मुद्दा मांडला. श्वासातला थोडा रेडॉन रक्तात उतरतो, आणि तो पाण्यापेक्षा चरबीत कितीतरी अधिक विरघळतो. उघड्या लोण्याला कांद्याचा वास चटकन लागतो, तसेच काहीसे. आता रक्त जिथे तयार होते, त्या अस्थिमज्जेतच चरबीच्या पेशी असतात. जन्मतः मज्जा जवळजवळ सगळी लाल. वयाबरोबर चरबी वाढत जाते. म्हणजे रेडॉनचे कोठार रक्तपेशींच्या शेजारीच. यातून ल्युकेमिया होत असेल काय, हा त्यांचा प्रश्न.

इथे घाईने गुणाकार करू नये. रेडॉनचा अल्फा कण पेशीजालात जेमतेम 40 मायक्रोमीटर जातो. चरबीची पेशी साधारण तेवढ्याच किंवा दुप्पट व्यासाची. म्हणजे मध्यभागी सुटलेल्या कणाची बरीचशी ऊर्जा चरबीतच जिरते. काठावरचे कण तेवढे बाहेर पोचतात. चरबीला मिळालेली मात्रा ही रक्तपेशींना मिळालेली मात्रा नव्हे, हे मला या विषयातले मर्म वाटते. 1995 मध्ये सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी खाणकामगारांचे अकरा गट एकत्र तपासले. भरपूर रेडॉन घेतलेल्या त्या माणसांतही ल्युकेमियाचे मृत्यू एकंदरीत ठळकपणे वाढलेले दिसले नाहीत. म्हणून हेनशॉंचा तर्क मला पटतो. निष्कर्ष अजून नाही.

आणि बुलढाणा? लोणारचे विवर ज्या काळ्या बेसाल्टात आहे, त्यात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम थोडेच. तरी खडक पाहून घराची हवा सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घनमीटरला 100 बेकेरेल ही संदर्भपातळी सुचवली. ती तपासायला अल्फा कणांचे ओरखडे टिपणारा प्लॅस्टिकचा एक तुकडा काही महिने खोलीत ठेवावा लागतो, एवढेच.