न टाकलेल्या चेंडूंचा हिशेब

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या प्रेक्षकाची दृष्टी स्वाभाविकपणेच फेक करणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातातील चेंडूवर खिळलेली असते. मैदानाच्या कडेला, प्रतिपक्षाच्या चपळ रिसीव्हरला चेंडू झेलू न देण्यासाठी त्याच्यासमोर एकटाच उभा असलेला कॉर्नरबॅक तिच्या टप्प्यात सहसा येत नाही. वस्तुतः इतके अवघड काम या खेळात क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येत असेल. रिसीव्हरला आपली वाट ठाऊक असते, याला ती नसते. तो समोर धावत सुटतो, याला उलट्या पावलांनी हटत हटत त्याच्या वळणाचा अदमास घ्यावा लागतो. त्यातच १९७८ पासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्काबुक्की करण्याची मुभाही उरली नाही; पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटच्या दांडग्या खेळामुळे आलेला हा नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो.

अशा खेळाडूचे मोल ठरवावे कसे? दप्तरी त्याच्या नावे ठळक नोंद होते ती प्रतिपक्षाचे चेंडू मध्येच झेलल्याची. १९५२ साली डिक 'नाइट ट्रेन' लेन याने पदार्पणाच्याच मोसमात, अवघ्या १२ सामन्यांत, असे १४ झेल घेतले, आणि तो विक्रम अद्याप अबाधित आहे. परंतु केवळ या नोंदीवर विसंबणारा पारखी फसल्यावाचून राहत नाही. ओकलंडच्या नामदी असमुआने २००६ मध्ये ८ चेंडू झेलले. पुढील तीन मोसमांत प्रत्येकी एकच. त्याचे कौशल्य ओसरले नव्हते. त्याच्या बाजूला चेंडू टाकण्यास क्वार्टरबॅकच धजत नव्हते. ज्याच्या थोरवीमुळेच त्याच्या खात्यातील आकडे आटत जावेत, असा कारागीर मला अन्य कोणत्या खेळात चटकन आठवत नाही.

या दहशतीचा खरा लाभ होतो तो उरलेल्या दहा जणांना. न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिसकडे २००९ मध्ये बहुधा प्रतिपक्षाचा सर्वोत्तम रिसीव्हर सोपवला जाई, आणि तोही बऱ्याचदा मागे कुमक न ठेवता. त्याच्या तावडीत सापडलेला रिसीव्हर 'रेव्हिस बेटा'वर अडकला, असे लोक म्हणत. एका माणसाचा बंदोबस्त एकानेच केल्यामुळे वाचलेले मनुष्यबळ प्रशिक्षक रेक्स रायन क्वार्टरबॅकवर धाडू शके. त्या मोसमात सर्वांत कमी गुण देणारा संघ जेट्सचाच होता.

तथापि त्याच मोसमातील २४ जानेवारी २०१० च्या सामन्यात इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने या बेटाला वळसा घातला. त्याचा मातब्बर रिसीव्हर रेजी वेन याला रेव्हिसने तीनच झेल घेऊ दिले. म्हणून मॅनिंगने पिएर गार्सोन व ऑस्टिन कॉली या तुलनेने नवख्यांना हाती धरले, आणि त्या दोघांनी मिळून १८ झेल घेतले. जेट्स १७-३० असे हरले.