दामदुपटीचा हिशेब

आमचे शाळेतले गणित आठवीत थांबले. पुढचे गणित आम्ही पगाराच्या चिठ्ठीवर शिकलो, आणि त्यातूनही जे राहून गेले ते सावकाराने शिकवले. तेव्हा आज व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून गणितावर बोलायचे म्हणजे आमच्याकडून थोडा आगाऊपणाच होतो आहे. पण विषय असा आहे की तो पंडितांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी अंबरनाथमधला एक कारखाना बंद पडला. आमच्या युनियनमधल्या एका सोबत्याने दहा हजार रुपये कर्जाऊ घेतले, दरमहा शेकडा पाच व्याजाने. घेण्यापूर्वी तो आम्हाला विचारायला आला होता. आम्ही हिशेब केला: महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. जड आहे, पण नवे काम लागले की फिटेल. आम्ही म्हटले, घे. काम लागले नाही. व्याज थकले, थकलेले व्याज मुद्दलात मिळाले, आणि त्या व्याजावर व्याज चढू लागले. आमच्या हिशेबाने साडेतीन वर्षांनी देणे व्हायला हवे होते एकतीस हजार. कागदावर निघाले सत्त्याहत्तर हजारांवर! त्याची खोली गेली. त्याने आम्हाला कधी बोल लावला नाही, पण चूक आमची होती. सरळ वाढ आणि चक्रवाढ यांत फरक असतो हे आम्हाला ऐकून ठाऊक होते. तो फरक केवढा असतो हे ठाऊक नव्हते.

तो केवढा असतो हे काढण्याची एक सोपी युक्ती आहे. वाढीचा जो टक्का असेल त्याने सत्तरला भागा. येणाऱ्या आकड्याइतक्या मुदतीत मूळ रक्कम दुप्पट होते. दरमहा पाच टक्के असतील तर चौदा महिन्यांत दुप्पट, अठ्ठावीस महिन्यांत चौपट, बेचाळीस महिन्यांत आठपट. आमच्या सोबत्याची साडेतीन वर्षे म्हणजे हीच बेचाळीस महिन्यांची मुदत. सत्तरच का, हे कॉलेजातली मुले लॉगॅरिथमच्या कोष्टकातून सांगतील. टक्का फार मोठा असेल तर हा आडाखा जरा चुकतो, पण आपल्या रोजच्या व्यवहाराला तो पुरतो.

आपल्या लोकांना हे गणित अगदीच परके होते असे नाही. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एका दात्याचे उदाहरण आहे. तो पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे कबूल करतो. महिनाभरात किती दिले? उत्तर निघते २१४ कोटींहून अधिक कवड्या, म्हणजे त्या वेळच्या नाण्यांत एक लाखाहून जास्त निष्क! कबूल करताना दात्याला ते दोन कवड्यांचे काम वाटले असणार. आणि व्यवहारात पाहा, आपल्या जुन्या धर्मशास्त्राने सावकारीला दामदुपटीचे कुंपण घातले होते: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. चक्रवाढ आपण होऊन थांबत नाही, तिला कोणीतरी थांबवावी लागते, एवढे त्या शास्त्रकारांनी नेमके ओळखले होते. जिथे हे कुंपण कागदावरच राहिले तिथे काय होते ते १८७५ साली दिसले. त्या वर्षी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

हेच गणित व्याजाच्या बाहेर नेणारे एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. अल्बर्ट बार्टलेट हे कोलोरॅडो विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत. १९६९ साली त्यांनी अंकगणित, लोकसंख्या आणि इंधन यांवर एक व्याख्यान दिले, आणि २०१३ साली वारले तोवर तेच व्याख्यान सतराशेहून अधिक वेळा दिले. आपल्याकडे एखादा कीर्तनकार एकच आख्यान गावोगाव लावतो, त्यातलाच प्रकार. त्याचे चित्रण आम्ही युनियनच्या खोलीत काही मंडळींना दाखवले. इंग्रजी सगळ्यांना कळले नाही, फळ्यावरचे आकडे मात्र सगळ्यांना कळले. त्यांचे म्हणणे असे की वर्षाला पाचसहा टक्के वाढ ऐकायला माफक वाटते. पण जी वस्तू मोजकी आहे तिच्या बाबतीत असली माफक वाढ फार काळ चालूच शकत नाही.

आपल्या उल्हास नदीत जलपर्णी माजते, ती मोहन्याकडे गेलेल्यांनी पाहिली असेल. हवापाणी मानवले तर ही वनस्पती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. समजा, नदीचा एक डोह १५ मे रोजी पुरता झाकला गेला. तो अर्धा केव्हा झाकलेला होता? १ मे रोजी. पाव? १७ एप्रिलला. असे मागे मागे गेलो तर ६ मार्चला डोहाचा बत्तिसावा हिस्सा हिरवा होता, शंभरात तीन भाग. त्या दिवशी काठावर उभे राहून कोणी ओरडला असता की दहा आठवड्यांत पाणी दिसणार नाही, तर लोकांनी त्याला वेड्यातच काढले असते. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. एक, दोन, चार, आठ यांची बेरीज पंधरा, आणि पुढची उडी सोळाची. म्हणजे शेवटच्या दुपटीत जेवढे लागते तेवढे त्याआधीच्या सगळ्या इतिहासात मिळूनही लागलेले नसते.

आता नदीकाठच्या आपल्या तीन गावांकडे येऊ. शिरगणतीचे आकडे काढून बसलो तेव्हा आम्हालाच मौज वाटली, कारण एकाच गणिताच्या तीन पायऱ्या येथे शेजारी शेजारी उभ्या आहेत.

कुळगाव-बदलापूरची वस्ती १९९१ साली सुमारे ५२ हजार होती, २००१ साली ९८ हजार, २०११ साली १ लाख ७४ हजार. वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास. सत्तरला सहाने भागा: बारा वर्षांत दुप्पट. अंबरनाथ १९९१ साली सव्वा लाखाच्या आसपास होते, २००१ साली दोन लाखांवर गेले, पण पुढच्या दहा वर्षांत अडीच लाखांपर्यंतच पोहोचले, वेग ओसरला. आणि उल्हासनगर? लष्कराच्या कल्याण कँपात सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे हे गाव १९४९ साली या नावाने ओळखले जाऊ लागले. २००१ साली तेथे ४ लाख ७४ हजार माणसे होती, २०११ साली ५ लाख ६ हजार. दहा वर्षांत जेमतेम सात टक्के. जागा सुमारे तेरा चौरस किलोमीटर. माणूस मावणार कोठे? २०२१ साली व्हायची शिरगणती त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे पुढचे पक्के आकडे आम्ही देत नाही.

कोणी म्हणेल, मग काळजी कसली, वाढ आपोआपच थांबते. थांबते खरी, पण कशी थांबते ते उल्हासनगरकरांना विचारा. जमीन संपली की माळ्यावर माळा चढतो. २०२१ सालच्या एकाच मे महिन्यात तेथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे घरातच दगावली. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायाशी वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात गटार होऊन शिरते. २०१४ साली तिच्यात टँकरमधून ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. मर्यादा अशी येते. ती नोटीस देऊन येत नाही, आणि आली की आधी तळमजल्यावरच्यांना गाठते.

पाण्याचा हिशेब आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. उन्हाळ्यात उल्हास नदीला जे पाणी असते त्यातले बरेचसे तिचे स्वतःचे नव्हे. आंध्रा खोऱ्यातले मावळचे पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून घाट उतरून तिच्यात येते, आणि बारवी धरणातून सोडलेले पाणी खाली येऊन मिळते. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधले आणि नंतर टप्प्याटप्प्याने वाढवले. शेवटच्या टप्प्यात उंची वाढवायचे काम झाले, पण बुडणाऱ्या पाड्यांतल्या कुटुंबांचा प्रश्न सुटेपर्यंत पाणी अडवता येईना. अखेर २०१९ च्या पावसाळ्यात धरण वाढीव उंचीपर्यंत पहिल्यांदा भरले. साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर होता, तो ३४० च्या घरात गेला. जवळजवळ पंचेचाळीस टक्क्यांची भर! पेढे वाटण्याजोगीच गोष्ट.

पण आता आपले गणित लावा. मागणी बदलापूरच्या चालीने, वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली, तर पंचेचाळीस टक्क्यांची ही भर किती वर्षांत खपेल? साडेसहा वर्षांत. गावे उठली, जंगल बुडाले, वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या, आणि पदरी पडली ती साडेसहा वर्षांची उसंत. बारवीचे पाणी ठाण्यापासून नवी मुंबईपर्यंत जाते, आणि तिथे सगळीकडे मागणी याच चालीने वाढत नाही, हे आम्ही जाणतो. तेव्हा याला भाकीत समजू नका, मापाची काठी समजा. आज काळू, पोशीर या धरणांची नावे घेतली जातात. तेथेही हीच काठी लावून पाहावी: साठा किती टक्के वाढणार, मागणी किती टक्क्यांनी वाढते, आणि किती वर्षे मिळणार.

बार्टलेटसाहेबांशी आमचा एक मतभेद आहे. त्यांचा सगळा रोख माणसांच्या संख्येवर होता. बदलापूर काही घरोघरी पाळणे हलल्याने वाढलेले नाही. महाराष्ट्रातल्या कुटुंबात आता सरासरीने दोन मुलेही होत नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, मुंबईतली खोली परवडेनाशी झाली, आणि माणूस लोकलच्या एकेका स्टेशनाने मागे सरकत येथवर आला. त्याला मुंबईतून कोणी ढकलले, आणि त्याला घर विकताना नळाला पाणी किती दिवस येईल याचा हिशेब कोणी केला नाही, हे विचारल्याशिवाय नुसती डोकी मोजण्यात अर्थ नाही. मजुरीवाढीची मागणी घेऊन गेलो की मालक म्हणतात, प्रत्येक गोष्टीला मर्यादा असते. बरोबर आहे. मग बांधकामाच्या परवानगीचा कागद सहीसाठी पुढे येतो तेव्हा ही मर्यादा कोठे जाते?

म्हणून गेले काही महिने आम्ही युनियनच्या खोलीत एक वही ठेवली आहे. बदलापूर-अंबरनाथच्या वस्त्यांतून येणाऱ्या बायाबापड्या तिच्यात लिहून जातात: पाणी कोणत्या दिवशी आले, किती वेळ होते, टँकर केव्हा मागवावा लागला आणि त्याचे किती पडले. टँकरच्या भावाचा रकाना आम्ही घातलाच नव्हता. तो एका बाईंनी स्वतः पट्टीने आखला. वहीची पहिली शंभर पाने भरत आली आहेत. ज्यांना आपल्या गल्लीचे आकडे द्यायचे असतील त्यांनी रविवारी सकाळी यावे, आम्ही तेथे असतो.